होमवर्क दहा मिनिटांचा आणि रडारड तासभर, असं का होतं?

आमच्याकडे दुसरीतला एक चिरंजीव आहे आणि त्याच्या गणिताच्या वहीत एका पानाला आरपार भोक आहे. ५२ वजा २७ असं गणित होतं, त्याने उत्तर लिहिलं ३५, मी म्हणलं चुकलंय, त्याने खोडलं, परत ३५, परत खोडलं, चौथ्यांदा खोडरबर पानातून खाली पोचला आणि मग पेन्सिल भिंतीवर, वही सोफ्याखाली, आणि "मला काहीच येत नाही, मी ढ आहे" म्हणून जे रडणं सुरू झालं ते समोरच्या काकूंनी बेल वाजवून "सगळं ठीक ना गं?" विचारेपर्यंत. एकूण दहा वजाबाक्या होत्या. मोठ्या माणसाला तीन मिनिटं लागली नसती.

मीही त्या दिवशी ओरडलेच, खोटं कशाला बोलू. पण नंतर पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बघितलं तर सगळ्यांच्या घरी तेच, कोणाचा शब्दांवरून कोणाचा पाढ्यांवरून. मग मी जरा नीट वाचायला लागले की हे लहान मुलांचं होतं काय नेमकं, कारण आळशी म्हणावं तर हाच मुलगा लेगोचं घर दोन-दोन तास जोडत बसतो. जे समजलं ते शक्य तेवढ्या साध्या भाषेत लिहिते.

डोक्यातला ओटा

आपल्या डोक्यात आठवणी साठवायची एक मोठी जागा असते, तिला फळीवरचे डबे म्हणूया. त्यात वर्षानुवर्षं सगळं भरलेलं असतं, स्वतःचं नाव, सायकल कशी चालवायची, दोनाचा पाढा. पण काम डब्यात होत नाही, काम ओट्यावर होतं. डब्यातलं काढायचं, ओट्यावर मांडायचं, चिरायचं, मळायचं. डोक्यातल्या या ओट्याला मानसशास्त्रात वर्किंग मेमरी म्हणतात, म्हणजे आत्ता या क्षणी जे धरून ठेवून त्याच्यावर काम करायचं आहे त्याची जागा. पुढे मी ओटाच म्हणणार आहे.

तर गंमत अशी की हा ओटा सगळ्यांचाच फार छोटा असतो. मोठ्या माणसाच्या ओट्यावर एका वेळी साधारण चार गोष्टी मावतात. ओटीपी बघून टाईप करताना मध्येच कोणी "चहा ठेवू का" विचारलं की आपण आकडे विसरतो ना, ते हेच. लहान मुलाचा ओटा त्याहूनही लहान, तो वयाबरोबर हळूहळू वाढतो. कपाळामागचा मेंदूचा जो भाग हे काम सांभाळतो, राग आवरणं आणि धीर धरणं पण तोच बघतो, आणि तो भाग पूर्ण तयार व्हायला माणूस विशीच्या मध्यावर येतो. आपला गडी सात वर्षांचा आहे.

५२ वजा २७ मध्ये ओट्यावर काय काय येतं

आपल्याला हे एक गणित दिसतं. त्याला काय दिसतं ते बघा. आधी दोनातून सात जात नाहीत हे कळलं पाहिजे. मग शेजारच्या घरातून एक दशक उसना घ्यायचा, तिथे पाचाचे चार झाले हे लक्षात ठेवायचं, इकडे दोनाचे बारा झाले हेही ठेवायचं, बारातून सात बोटांवर मोजायचे, आलेले पाच कुठे लिहायचे ते आठवायचं, मग मगाचचे ते चार परत शोधायचे (पाच नाही, चार!), त्यातून दोन वजा. वर अक्षर चौकटीत यायला हवं, आणि पेन्सिलचं टोक तुटलेलं.

ओटा भरून वाहतोय. मग तो काय करतो तर सगळ्यात सोपं जे जमतं ते, मोठ्यातून छोटं. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, उत्तर ३५. म्हणजे ते वेंधळेपण नव्हतं, त्याच्या परीने त्याने हिशोब केला होता आणि चारही वेळा अगदी मन लावून तोच केला होता. मी मात्र चारही वेळा फक्त "चुकलंय, परत कर" एवढंच म्हणत होते. परत काय करणार तो, त्याला दुसरा रस्ता माहीतच नव्हता.

त्यात माझं शिकवणं वेगळं. मी म्हणते "हातचा घे", शाळेत म्हणतात "बॉरो", बाबा म्हणतात "उसना". तिन्हीचा अर्थ एकच आहे हे आपल्याला माहीत, त्याच्या ओट्यावर तीन पातेली. "टीचर असं नाही सांगत!" हे वाक्य ज्या घरात ऐकू येत नाही ते घर मला दाखवा.

आणि आपली आकड्यांची नावं

हे थोडं विषयांतर आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी एकदा वेळ वाचवायला गणितं तोंडी सांगत होते, "बावन्न वजा सत्तावीस", तर त्याने लिहिलं ५२ वजा ७२. मला वाटलं लक्ष नाही. पण ऐका ना, सत्ता-वीस, आधी सात ऐकू येतात मग वीस, आणि लिहायचं मात्र आधी दोन मग सात. बोलायचं एका दिशेने लिहायचं उलट्या. शिवाय एकोणतीस म्हणलं की तीस ऐकू येतं आणि लिहायचं असतं २९.

२०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावीस सोबत "वीस दोन" असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेपर्यंत गेला विषय, नेत्यांच्या आडनावांवरून जोक झाले. तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या की जोडाक्षरं आणि ही उलटापालट यामुळे मुलांना त्रास होतो आणि गणिताची भीती बसते. मी पण त्यावेळी ते जोक फॉरवर्ड केले होते. आता ७२ लिहिलेलं बघितल्यावर जरा वरमले. माझं मत विचाराल तर बावीस-सत्तावीस जायला नकोत, ते आपले आहेत, पण मूल अडखळलं तर "वीस आणि सात" म्हणायला काय हरकत आहे.

मग रडू कुठून आलं

इथे खरी मेख आहे. ओट्यावर जागा कमी आहे, आणि त्याच ओट्यावर भीतीही येऊन बसते. "परत चुकलं", "आई चिडली", "उद्या टीचर सगळ्यांसमोर बोलणार", "आर्याचं तर झालं पण" हे सगळे विचार डोक्यात जागा खातात. म्हणजे उरलेल्या दोन गोष्टींच्या जागेवर कोणीतरी भलंमोठं पातेलं आणून ठेवल्यासारखं. मगाशी जे येत होतं ते पण आता येईना. मग आपण म्हणतो "अरे हे तर तुला काल येत होतं!" हो, काल ओटा रिकामा होता.

आपण आवाज वाढवला की पातेलं अजून मोठं होतं, मग अजून चुकतं, मग आपण अजून चिडतो. आमच्याकडे हे चक्र सुरू व्हायला साधारण सात मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय.

अमेरिकेत २०१५ ला पहिली-दुसरीच्या मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की ज्या आईवडिलांना स्वतःला गणिताची भीती आहे त्यांनी होमवर्कमध्ये वारंवार मदत केली तर वर्षाअखेर मुलं गणित कमी शिकली आणि त्यांची भीती वाढली. तशाच घाबरणाऱ्या पालकांनी फारशी मदत केली नव्हती तिथे हा परिणाम दिसला नाही. हे वाचून मला जरा लागलंच, कारण दहावीत गणितात पास झाल्यावर पेढे वाटलेली मी. आता गणित बाबांकडे आणि मराठी-इंग्लिश माझ्याकडे अशी वाटणी केलीये.

"नाटकं आहेत सगळी, शाळेत कसा गप्प करतो?"

हा प्रश्न माझ्या घरातूनच आला होता. शाळेत गप्प करतो कारण तिथे तो धरून ठेवतो. सकाळी सातची बस, वर्ग, मग डबा, खेळायला वीस मिनिटं, परत वर्ग, कोणीतरी ढकललं, कोणीतरी पेन्सिल घेतली, सगळं गिळून घरी येतो. आपणही साहेबासमोर हसून बोलतो आणि घरी येऊन भाजीत मीठ कमी म्हणून भडकतो, त्यातलाच प्रकार.

नाटक अजिबात करत नाहीत असंही नाही हां. टीव्हीवर कार्टून लागलंय म्हणून पोटात दुखणं वेगळं. फरक मला असा ओळखू येतो की नाटक असलं की डोळे आपल्याकडे असतात, आई बघतेय का ते बघत. खरं असलं की डोळे वहीत किंवा कुठेच नाहीत, खांदे वर गेलेले, पेन्सिल मुठीत आवळलेली. प्रत्येक मुलाचं वेगळं असेल, तुम्हाला तुमच्या मुलाचं कळतंच.

त्या क्षणी करायचं काय

पहिलं म्हणजे शिकवणं बंद. रडणाऱ्या मुलाला हातचा समजावून सांगणं म्हणजे भरलेल्या ओट्यावर अजून एक परात ठेवणं, जागाच नाहीये. वही मिटायची पण रागाने आपटून नाही, नुसती मिटायची. पाणी द्यायचं. पोटात काही गेलंय का ते विचारायचं, निम्म्या वेळा उत्तर तिथेच असतं, आमच्याकडे तरी एक लाडू किंवा गूळ-पोळी खाल्ल्यावर वजाबाकीचा स्वभाव बदलतो.

मग दोन शब्दात त्याला काय होतंय ते आपण बोलायचं. "वैताग आला ना. चार वेळा खोडलंस आणि तरी चूकच." बास. "पण" लावायचा नाही. "वैताग आला ना, पण अभ्यास तर करायला हवा" यातलं त्याला फक्त दुसरं अर्धं ऐकू येतं. भावनेला नाव दिलं की ती जरा खाली येते हे मोठ्या माणसांच्या मेंदूच्या स्कॅनमध्येही दिसलंय. आमच्याकडे त्याने यालाच "डोकं जाम" असं नाव ठेवलंय, ट्रॅफिक जामवरून. आता तो स्वतःच सांगतो, "आई डोकं जाम झालं", आणि हे भिंतीवर पेन्सिल मारण्यापेक्षा कितीतरी बरं.

"का नाही येत तुला?" हा प्रश्न मात्र विचारू नका. त्याला माहीत असतं तर तो रडला असता का.

शांत झाल्यावर परत बसताना सगळं पान दाखवायचं नाही. एक कोरा कागद घ्या आणि खालची नऊ गणितं झाका. दहा गणितं हा डोंगर आहे, एक गणित हे एक गणित आहे. आणि पहिलं आपण करायचं, त्याच्यासमोर, मोठ्याने बोलत, त्याने नुसतं बघायचं. दुसरं आपण अर्ध्यापर्यंत आणायचं, शेवट त्याने करायचा. तिसऱ्यात सुरुवात त्याची. काही जणांना वाटतं हे फुकट उत्तर देणं झालं, पण ऑस्ट्रेलियातल्या जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकापासून यावरच काम केलं आणि त्यांना हेच दिसलं की नवशिक्याला सोडवलेलं उदाहरण बघायला मिळालं तर तो नुसतं झगडत बसण्यापेक्षा चांगलं शिकतो. स्वयंपाक शिकताना आपण आधी बघितलाच ना, एकदम हातात पोळपाट घेऊन कोणी गोल पोळी लाटली नाही.

काड्यांचे गठ्ठे

आमच्याकडचा खरा उपाय मात्र सासूबाईंनी काढला. त्या कोकणातल्या. त्यांनी एका दुपारी जुन्या खराट्याचे हीर काढले, धुतले, बोटाएवढे तुकडे केले आणि दहा-दहाचे गठ्ठे करून केसांच्या रबराने बांधले. सहा गठ्ठे. मला म्हणाल्या, "तुमचं ते बॉरो-बिरो राहू दे."

मग ५२ म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. "आता मला सात दे." तो दोन काड्या धरून बघत बसला. आजी काही बोलेनात, त्यांचं हे मला जमत नाही, गप्प बसणं. मिनिटभराने त्याने स्वतः एका गठ्ठ्याचं रबर ओढलं, काड्या पसरल्या, आणि त्याचा चेहरा असा झाला की काहीतरी चोरी पकडली. "अरे, ह्या याच्यातच होत्या!" बारा झाल्या, सात दिल्या, पाच उरल्या. गठ्ठे चार, त्यातले दोन आजीला. पंचवीस.

दशक सुटा करणे असं पुस्तकात जे लिहिलेलं असतं ते हे. आणि ओट्याच्या भाषेत सांगायचं तर काड्यांनी ओट्यावरचं अर्धं सामान बाहेर टेबलावर काढून ठेवलं. पाचाचे चार झाले हे आता लक्षात ठेवायची गरज नाही, दिसतंय समोर. बोटं, काड्या, चिंचोके, कच्चा कागद, सगळ्याचं काम हेच आहे, त्यामुळे "बोटं मोजू नको" म्हणून ओरडणाऱ्यांना माझा निषेध.

पाढ्यांचंही तसंच. हल्ली पाठांतराला नावं ठेवायची फॅशन आहे पण पाठ झालेला पाढा म्हणजे वाटून तयार असलेली चटणी आहे, डबा उघडला की मिळाली, ओट्यावर पसारा नाही. फक्त तो रोज थोडा थोडा, चालताना, जिना चढताना पाठ व्हावा, छातीवर बसून नाही.

"असे लाड केले तर पुढे कसं होणार? आम्ही मार खाऊनच शिकलो"

मी पण खाल्लाय. चौथीत बाईंची पट्टी हातावर बसली ती मला आजही आठवते, पट्टीचा रंग आठवतो. गणित कुठलं होतं ते आठवत नाही. आणि शाळेत मारणं किंवा मानसिक त्रास देणं हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार बंदच आहे, मग घरी आपण कशाला ते चालू ठेवायचं.

पण या आक्षेपात एक मुद्दा बरोबर आहे. मुलाला थोडं झगडू द्यायला हवंच. रडू येऊ नये म्हणून आईनेच होमवर्क लिहून टाकला (आहेत असे महाभाग, आमच्या ग्रुपवर डाव्या हाताने लिहून अक्षर लहान मुलासारखं काढणारी एक आई आहे, मी नाव सांगणार नाही) तर मूल एवढंच शिकतं की अडलं की आई. वायगॉट्स्की नावाचे रशियन मानसशास्त्रज्ञ सांगून गेले की शिकणं होतं ते "एकट्याला जमतं" आणि "अजिबात जमत नाही" यांच्या मधल्या पट्ट्यात, जिथे कोणीतरी बोट धरलं की जमतं. सायकल शिकवताना मागची सीट धरतो तसं, धरायची पण आपण पॅडल मारायचं नाही.

"हुशार आहेस रे तू" म्हणलं तर काय बिघडलं

१९९८ मध्ये कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर यांनी पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले. कोडी सोडवल्यावर काहींना म्हणलं तू हुशार आहेस, काहींना म्हणलं तू मेहनत घेतलीस. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, सगळे आपटले. त्यानंतर हुशार म्हणलेल्या मुलांनी लवकर हात टेकले, त्यांना मजा कमी आली आणि पुढची सोपी कोडीही त्यांची बिघडली. कारण उघड आहे, जमलं म्हणजे मी हुशार तर नाही जमलं म्हणजे मी ढ. आमच्या चिरंजीवांचं "मी ढ आहे" कुठून आलं याचा मी बराच विचार केला आणि उत्तर बहुतेक आमच्याच कौतुकात आहे.

नंतरच्या मोठ्या अभ्यासांत अशा गोष्टींचा परिणाम आधी वाटला तेवढा जबरदस्त निघाला नाही, त्यामुळे नुसते शब्द बदलले की चमत्कार होईल असं समजू नका. मी एवढंच करते की नेमकं काय केलं ते सांगते. "गठ्ठा सोडायचा तुला सुचलं" असं.

कधी दुसरंच काही असू शकतं

रोजच रडारड होत असेल, महिनोन्‌महिने, आणि एकाच प्रकारच्या कामाला, तर जरा थांबून बघा. आधी डोळे आणि कान तपासा, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून वही अर्धवट येणारी मुलं खूप असतात आणि ती सांगत नाहीत कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्यांना वाटतं. वाचन वयाच्या मानाने फार मागे असेल, अक्षरं ओळखता येतात पण जुळत नाहीत, किंवा आकड्यांचा अंदाजच येत नाही, तर लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी करून घ्यावी. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि शाळेत सवलती मिळतात. फक्त शेजारणीच्या सांगण्यावरून लेबल लावू नका, बालरोगतज्ज्ञांना विचारा.

मुळात दुसरीला होमवर्क हवा कशाला?

नकोच आहे. हे मी नाही म्हणत. मद्रास हायकोर्टाने २०१८ ला पहिली-दुसरीला होमवर्क देऊ नका म्हणून सांगितलं, केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही दुसरीपर्यंत होमवर्क नाही आणि तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त २ तास असं लिहिलंय. आठवड्याला, दिवसाला नाही! अमेरिकेतले हॅरिस कूपर यांनी होमवर्कवरचे ढीगभर अभ्यास एकत्र करून बघितले तर प्राथमिकच्या मुलांत होमवर्क आणि मार्क यांचा संबंध जवळजवळ नाहीच असं निघालं, मोठ्या वर्गांत मात्र आहे. पण शाळा देतात, आणि पालकच मागतात असं शाळा म्हणतात, आणि तेही खोटं नाही. आमच्या शाळेचा मेसेज येतो रात्री पावणेनऊला, तेव्हा वही काढणार कोण.

मग मी एक गोष्ट सुरू केली. वीस मिनिटांचा टायमर. तेवढ्यात जे होईल ते, राहिलं ते राहिलं, आणि डायरीत खरं खरं लिहायचं. पहिल्यांदा लिहिताना हात थरथरत होता, जणू माझाच होमवर्क अपुरा होता. "दहापैकी चार झाली. वीस मिनिटं लागली. काड्या वापरल्या." दुसऱ्या दिवशी लाल पेनाने उत्तर आलं, "चालेल. बाकीची वर्गात करून घेते. काड्या पाठवाल का?"

सहाही गठ्ठे कंपासपेटीत मावेनात म्हणून डब्याच्या पिशवीत घालून नेले. संध्याकाळी घरी आल्यावर आजीने मोजायला लावले, पाच गठ्ठे आणि आठ सुट्या. अठ्ठावन्न. दोन कुठे गेल्या विचारलं तर म्हणाला, शेजारच्याला उसन्या दिल्यात.